चाऱ्याचे गठ्ठे बांधण्यासाठी दोरी कोणती निवडावी?

चाऱ्याची साठवण म्हटली की आपण गंजीची जागा, पावसापासून संरक्षण आणि चाऱ्यातील ओलावा यांचा विचार करतो. पेंढी किंवा गठ्ठा कशाने बांधायचा याचा विचार मात्र क्वचितच होतो. दुकानात जी दोरी स्वस्त मिळेल ती आणली जाते. पुढे हीच दोरी गव्हाणीत जाऊन दुभत्या गाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दोरीची निवड तिच्या भावावरून न करता, गठ्ठा कोण सोडणार आणि कसा सोडणार, यावरून करावी.

पूर्वीची पद्धत

रब्बी ज्वारीच्या कडब्याची पेंढी पूर्वी अंबाडीच्या सोपटाने किंवा घायपाताच्या (केकताडाच्या) वाखाने बांधली जाई. बंध आधी पाण्यात भिजवला की तो मऊ होतो व पीळ देताना तुटत नाही. हे सर्व साहित्य बांधावरचे असे आणि चुकून जनावराच्या पोटात गेले तरी वनस्पतीचेच असे. आता सुतळी, घायपाताची दोरी आणि प्लॅस्टिकची दोरी असे पर्याय बाजारात आहेत. नायलॉनची म्हणून मिळणारी स्वस्त दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असते.

दोन्ही प्रकारांचे गुणदोष

प्लॅस्टिकची दोरी वजनाने हलकी व मजबूत असते. ती पाणी शोषत नाही, कुजत नाही आणि सहसा स्वस्त पडते. परंतु उन्हात दीर्घकाळ राहिल्यास ती ठिसूळ होते व तिचे बारीक तंतू सुटू लागतात. उघड्यावरील गंजीत वरच्या थरातील दोरी अशीच हातात तुटते व तिचे तुकडे चाऱ्यात राहतात.

वाखाची दोरी व सुतळी जमिनीच्या ओलीने कुजते, उंदीर ती कुरतडतात आणि तिची जाडी सर्वत्र सारखी नसते. मात्र मातीत पडल्यास ती कुजून जाते. छपराखाली, दगड किंवा लाकडी फळ्यांवर रचलेल्या गंजीत ती हंगामभर चांगली टिकते.

जनावरास होणारा अपाय

गाय चारा निवडून खात नाही. जिभेने ओढून ती तो फारसा न चावता गिळते. प्लॅस्टिकचे पचन होत नाही. काही तुकडे शेणावाटे बाहेर पडतात, पण लांब तंतू कोटीपोटात साचून एकमेकांत गुंततात व त्यांचा गोळा बनतो. जनावर रवंथ कमी करते, वारंवार पोट फुगते, दूध घटते व प्रकृती खालावते. हा गोळा विरघळवणारे औषध नाही. पोट उघडून शस्त्रक्रियेनेच तो काढावा लागतो. अशी लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकास बोलवावे. स्फुरदाच्या कमतरतेमुळे जनावरे अखाद्य वस्तू चघळतात. म्हणून मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्यावे.

दोरी कुट्टी यंत्रात गेल्यास धोका वाढतो. काही दोरी फिरत्या भागांना गुंडाळते, उरलेली तुकडे होऊन कुट्टीत मिसळते. ते तुकडे गव्हाणीतून वेचून काढणे शक्य होत नाही.

निवड कशी करावी?

१) चारा विकायचा किंवा बाहेरगावी पाठवायचा असल्यास वाखाची दोरी किंवा सुतळी वापरावी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात २०१२-१३ व २०१८-१९ च्या टंचाईत चारा छावण्या चालल्या. अशा वेळी चारा दुरून येतो. बांधणारा एक आणि सोडणारा दुसराच असतो. घाईगर्दीत दोरी काढली गेली की नाही, हे पाहणारा कोणी नसतो.

२) पेंढी गड्याकडून थेट कुट्टी यंत्रात टाकली जात असेल, तर प्लॅस्टिक टाळावेच.

३) बेलर यंत्राने गठ्ठे बांधताना एकसारख्या जाडीची दोरी लागते. साधी सुतळी गाठ मारणाऱ्या भागात तुटते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचीच दोरी घ्यावी. वाखाची दोरी बदलून प्लॅस्टिकची लावल्यास ताण पुन्हा जुळवून घ्यावा.

४) चारा स्वतःच्या गोठ्यातच वापरायचा आणि गठ्ठे घरचे माणूस सोडणार असेल, तर प्लॅस्टिक चालेल. परंतु दोऱ्यांचा हिशेब ठेवावा.

हिशेब कसा ठेवावा?

लहान चौकोनी गठ्ठ्यास सामान्यतः दोन दोऱ्या असतात. म्हणजे १०० गठ्ठे सोडले की २०० दोऱ्या हाती आल्या पाहिजेत. गोठ्यात एक खिळा व एक पोते कायमचे ठेवावे. गठ्ठा सोडताना दोरी गाठीजवळ एकदाच कापून अखंड ओढून घ्यावी व खिळ्याला अडकवावी. संध्याकाळी मोजून पोत्यात भरावी. एक जरी कमी भरली तरी गव्हाण तपासावी. वाखाची दोरीही काढूनच चारा टाकावा, कारण लांब दोरी कोणतीही असो, ती पोटात गुंतू शकते.

प्लॅस्टिकची दोरी उकिरड्यावर टाकू नये. शेणखताबरोबर ती शेतात जाते व रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळते. ती जाळूही नये. चांगल्या दोऱ्या वेलवर्गीय पिकांच्या मांडवासाठी वापराव्यात व पीक निघाल्यावर गोळा करून भंगारात द्याव्यात.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोरी कोणतीही वापरली तरी ओला चारा टिकत नाही. वाळलेल्या चाऱ्यातील ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच गठ्ठे बांधावेत, अन्यथा आत बुरशी धरते. घायपात बांधावर लावल्यास कुंपणही होते आणि बंधासाठी वाखही घरचाच मिळतो. दोरीवर वाचवलेल्या चार पैशांपेक्षा गोठ्यातील गाय मोलाची आहे, हे विसरू नये.