घाटेअळीचा हिशेब आणि कोतवालाची भूक

डिसेंबर उजाडला की मराठवाडा-विदर्भातला वेळेवर पेरलेला हरभरा फुलोऱ्यात येतो. त्यात दोन दिवस आभाळ आलं की कृषी सेवा केंद्रावर एकच मागणी सुरू होते: घाटेअळीचं औषध द्या. घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी सकाळच्या वेळी पिकातून एक चक्कर मारा. शेतात पाच-सहा ठिकाणी ओळीतलं मीटरभर अंतर धरून अळ्या मोजा. मीटरला एक-दोन अळ्या दिसल्या, किंवा हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून सापळ्यामागे सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आले, तर उपाय करायचा. त्याखाली असेल तर कीटकनाशकाचा पंप बाजूला ठेवा.

अळी मोजताना पानाच्या आडोशाला तांदळाच्या दाण्याएवढा, करडा, काळे ठिपके असलेला कोश दिसतो का तेही बघा. तो कॅम्पोलेटिस नावाच्या गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक माशीचा. ती लहान अळीत अंडं घालते आणि तिचं पिलू अळीला आतून खाऊन संपवतं. हरभऱ्याला या माशीची फार मदत होते. ट्रायकोकार्ड मात्र इथं तितकं चालत नाही. पानावरची आंब त्या कार्डातून निघणाऱ्या चिमुकल्या मित्रकीटकाला मानवत नाही.

अशा मित्रांची संख्या शेतात कमीच का दिसते, याचं कारण उन्हाच्या हिशेबात आहे. पिकावर पडणाऱ्या उन्हातला शेकडा एखादा भागच झाड अंगात साठवतं. त्यावर अळी जगते, अळीवर कोतवाल पक्षी, कोतवालावर कधीमधी शिक्रा. दर पायरीला बरीचशी ऊर्जा विष्ठेत, हालचालीत, अंगाच्या उबेत जाते आणि साधारण दहावा हिस्सा पुढं सरकतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी ही मांडणी केली. त्यांचा निबंध १९४२ साली छापून आला, तेव्हा ते हयात नव्हते. वयाच्या २७व्या वर्षीच गेले. दहावा हिस्सा हा ढोबळ अंदाज आहे, कुठं कमी, कुठं जास्त. पण त्या मापानं १०० किलो पाल्यावर १० किलो अळ्या पोसल्या जातात आणि तेवढ्या अळ्यांवर फार तर किलोभर पक्षी.

यातली शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. अळीचं रक्त थंड. ती खाल्लेलं बऱ्यापैकी अंगी लावते. पक्षी उष्ण रक्ताचा, त्यानं पचवलेल्यातला जवळपास सगळा भाग शरीर गरम ठेवण्यात आणि उडण्यातच जातो. म्हणून कोतवाल दिवसभर खातच असतो. त्याची ही उधळपट्टी आपल्या फायद्याची. एक घाटेअळी तिच्या आयुष्यात ३०-४० घाटे पोखरू शकते. ती लहान असताना उचलली गेली तर तेवढे घाटे वाचतात.

त्याला बसायला जागा हवी. एकरी वीसेक पक्षीथांबे लावा. बांबूच्या काठीला आडवी काडी बांधली की झालं. पिकाच्या वर हातभर राहिली पाहिजे. ज्यांनी पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळली, त्यांच्या शेतात ती धाटं आता हेच काम करतील.

घाईनं मारलेल्या जहाल फवाऱ्यानं नेमकं उलटं होतं. अळ्या मरतात, माशाही मरतात, पक्षी दुसरीकडं जातात. पुढं बाहेरून पतंग येतो, मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी उभी. कोतवालाची जोडी वर्षातून तीन-चार अंडी घालणार, तीही उन्हाळा-पावसाळ्यात. वरच्या पायरीवरचे आधीच थोडे आणि भरून यायला सावकाश.

शिवाय ऊर्जा पायरीपायरीला गळते, काही विषं गळत नाहीत. ती चरबीत किंवा यकृतात साठून वरच्या प्राण्यात दाट होत जातात. डीडीटीनं हेच केलं. आज हा धोका उंदरांच्या औषधात आहे. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि गव्हाणी घुबडाच्या तोंडी सापडतो. हे घुबड रात्रीला दोन-तीन उंदीर सहज खातं. विहिरीच्या कपारीखाली केसांचे आणि हाडकांचे गोळे पडलेले दिसले तर समजा, वर त्याचा मुक्काम आहे. त्याला अपशकुनी म्हणून हुसकावणं हा निव्वळ तोट्याचा धंदा. धामणीचंही तेच. अशा जागेजवळ आमिष ठेवू नका. उंदरांसाठी सापळे लावा, बांध साफ ठेवा आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा.

हरभऱ्यावर फुलोऱ्याच्या सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारा: पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करायचं. अळ्या लहान असतील तर एचएएनपीव्ही हा विषाणू वापरा, पण उन्हानं तो निकामी होतो म्हणून फवारणी संध्याकाळी करा. चार-सहा दिवसांनी शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या अळ्या दिसतील. पक्ष्यांना त्याचा अपाय नाही. एवढं करूनही अळी मर्यादेबाहेर गेली, तर लेबलवर हरभऱ्याची शिफारस असलेलं एकच कीटकनाशक दिलेल्या मात्रेत घ्या. दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका.