नोकरीतून पुन्हा शिक्षणाकडे : चंद्रपूर-गडचिरोलीतील कामगारांसाठी तांत्रिक वाटा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्याच्या पूर्व टोकाचे वनसंपन्न जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वन आणि भात यांच्या जोडीला या भूमीत कोळसा, लोहखनिज व चुनखडी आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूर औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि अलीकडच्या काळात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखाण यांमुळे तंत्रज्ञांची गरज येथे सतत भासते.

या उद्योगांत जोडारी, वीजतंत्री वा संधाता म्हणून पंधरा-वीस वर्षे राबलेले अनेक कामगार वयाच्या चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती घेऊ इच्छितात. त्यांची जिद्द स्तुत्य आहे; परंतु वाट चुकल्यास वर्षे आणि कुटुंबाची पुंजी दोन्ही वाया जातात. म्हणून गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांना या वाटांची माहिती असणे अगत्याचे आहे.

पायरीपायरीने शिक्षण

दहावीनंतर दोन वर्षांचा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची तरतूद आहे. पदविकाधारकांनाही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. चंद्रपूर येथे १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मात्र दिवसाच्या वर्गांना हजेरी आवश्यक असल्याने नोकरदाराला रजेचा प्रश्न पडतो. ही अडचण ओळखून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालविण्यास मान्यताप्राप्त संस्थांना वाव दिला आहे.

खाणीतील प्रमाणपत्रे

खाण कामगाराला आणखी एक मार्ग खुला आहे. खाण सरदार, ओव्हरमन आणि व्यवस्थापक ही पदे धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र असल्याविना भरता येत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष खाणकामाचा अनुभव विचारात घेतला जातो. प्रथमोपचार व वायुपरीक्षणाची प्रमाणपत्रेही मिळवावी लागतात. वरच्या पायऱ्यांना तांत्रिक शिक्षणाची जोड लागते. येथे कामगाराचा अनुभव हीच त्याची शिदोरी ठरते.

फसवणुकीपासून सावध

घरबसल्या अभियंता करण्याची जाहिरात पाहून पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी. परिषदेच्या मान्यतेविना चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांना परिषदेची परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्या पदव्या मात्र रद्द ठरल्या. त्या पदवीवर नोकरी वा पदोन्नती मिळविलेल्यांना याची झळ बसली.

नोकरी शोधताना

पदवी हाती आली म्हणजे अभियंत्याचे पद आपोआप मिळते असे नाही. शासकीय सेवेत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे ही कमाल वयोमर्यादा आहे. म्हणून अभ्यास सुरू करतानाच तो संपेल तेव्हाचे वय मोजावे. ज्यांचे वय ओलांडणार असेल त्यांनी आपल्याच आस्थापनेतील अंतर्गत भरतीचे व पदोन्नतीचे नियम आधी लेखी समजून घ्यावेत. खाजगी उद्योगांत यंत्राचा प्रत्यक्ष अनुभव मोलाचा ठरतो. यासाठी कामाचे स्वरूप, कालावधी व हुद्दा नमूद केलेले अनुभव प्रमाणपत्र प्रत्येक नोकरी सोडताना घ्यावे. कंत्राटी कामगारांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. कंत्राटदार बदलला की जुना पुरावा मिळविणे कठीण जाते.

ग्रामपंचायतीने प्रवेशाच्या व भरतीच्या सूचना फलकावर लावाव्यात, शिक्षकांनी अर्ज भरण्यास हातभार लावावा आणि इच्छुकांची नावे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे नोंदविली जातील असे पाहावे. खनिज या भूमीतून निघते. ते काढणाऱ्या यंत्रांची जबाबदारीही येथील अनुभवी हातांकडे यावी, यासाठी एवढे साहाय्य गावपातळीवर सहज शक्य आहे.