मराठी पानाचा ओळंबा : काही छोटी सॉफ्टवेअर्स

मित्रांनो, डिपार्टमेंटचं किंवा गावातल्या वाचनालयाचं संकेतस्थळ करायचं ठरलं की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न येतो, "फोटोशॉप कोणाकडे आहे?" मग एक पेन ड्राइव्ह रूम टू रूम फिरतो आणि सॉफ्टवेअरसोबत व्हायरसही फुकट मिळतो! खरं म्हणजे अशा कामाला एवढं जड सॉफ्टवेअर लागतच नाही. गवंडी भिंत थापीने बांधतो, पण भिंत सरळ आहे की नाही हे त्याला ओळंबा सांगतो. डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवणारे असे काही छोटे ओळंबे या लेखात बघू. ते सगळे विंडोजवर चालतात आणि विद्यार्थ्यांना मोफत वापरता येतात.

१) नोटपॅड प्लस प्लस : अक्षरांचा हिशेब

डॉन हो यांनी २००३ साली हा एडिटर बाहेर काढला. त्यातला 'एन्कोडिंग' हा मेन्यू मराठी माणसाने आधी शिकावा. एक प्रयोग करा. नवीन फाइलमध्ये फक्त 'शिरपूर' लिहा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा (बीओएमवालं नको), शेवटी एंटर मारू नका आणि सेव्ह करा. प्रॉपर्टीजमध्ये साइज दिसेल १८ बाइट. का? आपण वाचतो चार अक्षरं : शि, र, पू, र. कॉम्प्युटर मात्र सहा खुणा साठवतो : श, वेलांटी, र, प, ऊकार, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणून सहा त्रिक अठरा. प्रोग्रॅममध्ये 'पहिली १० अक्षरं दाखव' असं लिहिल्यावर कधी कधी शब्दाची मात्रा का तुटते, याचं उत्तर इथे आहे.

पानावर प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर बहुतेक वेळा फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालेली असते आणि मूळ मजकूर गेलेला असतो. पण टोप्या घातलेली विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका. मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त ब्राउझर तो वेगळ्या एन्कोडिंगने वाचत असतो.

२) कन्व्हर्टर : जुन्या अंकांची सुटका

युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांवर चालत होतं. त्यांतल्या बऱ्याच फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये इंग्रजी खुणा आणि पडद्यावर मराठी. तो फॉन्ट नसेल तर लेख वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. विंडोज २००० सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला आणि वेगळं पॅकेज न घेता मराठी लिहिण्याची सोय झाली. पण त्याआधीचा मजकूर आपोआप बदलला नाही.

तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. काढल्यावर तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. ऱ्हस्व वेलांटी : जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी साठवत, युनिकोडमध्ये नंतर. रफार : तिथे तो अक्षराच्या नंतर, इथे आधी. आणि जोडाक्षरं. मूळ फाइल मात्र कधीही डिलीट करू नका.

३) एचएक्सडी : दिसतं तसं नसतं

हा हेक्स एडिटर फाइलमधला प्रत्येक बाइट उघडा करून दाखवतो. आता शब्द घ्या 'बऱ्हाणपूर'. यातला 'ऱ्ह' दोन पद्धतींनी साठवता येतो. एकतर स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे! पण पहिला शब्द २७ बाइटचा, दुसरा ३० बाइटचा. साध्या तुलनेत कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द वाटतात.

ही नुसती गंमत नाही. यादीत 'बऱ्हाटे' एका पद्धतीने टाइप केलेलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने, तर सर्च म्हणेल, नाव नाही. मुलाचं नाव यादीत असून नसल्यासारखं! म्हणून टीमने एकच पद्धत ठरवावी. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की थेट 'ऱ' येतो, तीच ठेवा.

४) कलर कॉन्ट्रास्ट अ‍ॅनालायझर : रंगाची परीक्षा

ड्रॉपरने पडद्यावरचे दोन रंग उचला, हे सॉफ्टवेअर त्यांच्यातला फरक आकड्यात सांगतं. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगमता नियमांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ : १ फरक हवा. पांढऱ्यावर करडा रंग (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ११९) घेतला तर ४.४८ येतो, म्हणजे नापास. प्रत्येकी ११८ केला की ४.५४, पास! डोळ्याला हा फरक कळणारच नाही. पिवळ्या अक्षरांच्या शौकिनांनी पांढऱ्यावर पिवळा एकदा मोजून बघावा. आपल्या पानाचा वाचक अधू नजरेचा किंवा भर उन्हात मोबाइल धरून उभा असू शकतो.

५) इरफानव्ह्यू : फोटोचं वजन

इरफान श्किल्यान यांनी १९९६ साली काढलेला हा छोटा व्ह्यूअर आजही उपयोगी आहे. कॅमेऱ्यातला ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पानावर तो ८०० बाय ६०० दिसणार असेल तर ४ लाख ८० हजार पुरतात, म्हणजे पंचविसावा भाग. 'बॅच कन्व्हर्जन'मध्ये गॅदरिंगचे सगळे फोटो एका दमात लहान होतात. फक्त नवीन फोल्डर द्या, नाहीतर मूळ फोटोंवरच नवे बसतील.

मित्रांनो, यातली दोन सॉफ्टवेअर्स बघा : नोटपॅड प्लस प्लस आणि इरफानव्ह्यू. दोन्ही एकेका माणसाने सुरू केली, तीही एकच नेमकी अडचण धरून. आपल्याकडे अडचणींना काय तोटा? दोन्ही 'ऱ' एकसारखे करून देणारा प्रोग्रॅम सेकंड इयरचा मुलगा एका रविवारी लिहू शकेल. अहिराणी शब्द आणि गाणी गोळा करणाऱ्याला तो उद्या लागणारच आहे. आजींच्या तोंडच्या ओव्या आपण टाइप केल्या आणि वीस वर्षांनी त्या सापडल्याच नाहीत, तर टाइप करून उपयोग काय? तेव्हा आजच 'शिरपूर' लिहून अठरा बाइट मोजा. सुरुवात तिथूनच होते.