दुसरा डेटाबेस: ‘होऊन जाईल’ म्हणण्याआधी हिशेब मांडा

तुमचे पतसंस्थेचे, दवाखान्याचे किंवा गोदामाचे सॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर नीट चालले आहे. एक मोठा ग्राहक येतो आणि म्हणतो, ‘सगळे पसंत आहे, फक्त आमच्या ओरॅकलवर चालवून द्या.’ पुढच्या महिन्यात दुसरा एसक्यूएल सर्व्हर मागतो. काम हातचे जाऊ नये म्हणून तुमचा विक्री प्रतिनिधी जागेवरच ‘होऊन जाईल’ सांगून येतो. नुकसानीची सुरुवात तिथे होते. एकच सॉफ्टवेअर दोन-तीन डेटाबेसवर चालवता येते, यात शंका नाही. पण त्याचा खर्च एकदाच येत नाही. तो प्रत्येक नव्या आवृत्तीला, प्रत्येक चाचणीला आणि मदतीसाठी येणाऱ्या प्रत्येक फोनला येतो.

पहिला प्रश्न ग्राहकाला विचारा: तुम्हाला सॉफ्टवेअर ओरॅकलवर चालवायचे आहे, की त्यातली माहिती तुमच्या ओरॅकलमध्ये हवी आहे? बरेचदा उत्तर दुसरे असते. त्यांच्या संगणक विभागाला मुख्य अहवालात तुमचे आकडे ओढायचे असतात, एवढेच. तसे असेल तर सॉफ्टवेअर आहे तिथेच राहू द्या आणि रोज रात्री ठरलेल्या नमुन्याची सीएसव्ही फाइल द्या किंवा फक्त वाचनाची परवानगी असलेले दोन-चार व्ह्यू उघडून द्या. हे काही दिवसांचे काम आहे. या संपूर्ण लेखातला सर्वांत स्वस्त मार्ग हाच, म्हणून तो आधी सांगितला.

गरज खरी असेल तर कामाचा आदेश घेण्यापूर्वी या गोष्टी लेखी मागा: डेटाबेसची नेमकी आवृत्ती आणि एडिशन, कॅरेक्टर सेट आणि कोलेशन, सर्व्हरवरचे एकूण कोअर, परवाना कोणाच्या नावावर, बॅकअप कोण घेणार, आणि रात्री अडले तर त्यांच्या बाजूचा कोण माणूस फोन उचलणार. ‘ओरॅकल आहे’ हे उत्तर चालणार नाही. ओरॅकल बारा आणि ओरॅकल तेवीस यांत तुमच्या प्रोग्रामरचे कित्येक दिवस दडलेले असतात. आदेशात एक वाक्य घालायला विसरू नका: ‘वर नमूद आवृत्तीशिवाय अन्य आवृत्तीसाठी वेगळे शुल्क लागू.’

परवान्याचे पैसे

फुकट आणि फुकटासारखे यांत फरक करा. पोस्टग्रेसक्यूएल खरोखर मोफत आहे, तुमच्या बंद कोडच्या उत्पादनासोबत दिले तरी. एसक्यूलाइटवर कोणाचाही हक्क नाही, ते सार्वजनिक मालकीचे आहे. मायएसक्यूएलचे तसे नाही. त्याची सामुदायिक आवृत्ती जीपीएल परवान्याखाली येते. ग्राहकाने ती स्वतः उतरवून बसवली तर प्रश्न नाही, पण तुम्ही तुमच्या सीडीत किंवा इन्स्टॉलरमध्ये सर्व्हर किंवा त्याचा कनेक्टर बांधून विकत असाल आणि तुमचा कोड बंद असेल, तर व्यावसायिक परवान्याचा विषय उभा राहतो. वकिलाला एकदा विचारून घ्या. मारियाडीबीचे जावा आणि सी भाषेचे कनेक्टर एलजीपीएलखाली आहेत, म्हणून अनेक जण ते वापरतात.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस मोफत आहे, पण २०२२च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. शिवाय त्यात एजंट नाही, म्हणजे रात्रीची कामे आपोआप लावायची सोय तुम्हालाच विंडोजच्या टास्क शेड्युलरवर करावी लागते. डेव्हलपर एडिशनही मोफत, पण ते फक्त विकसन आणि चाचणीसाठी. त्यावर ग्राहकाचे रोजचे काम चालवले तर परवान्याचा भंग होतो. २०२२च्या स्टँडर्ड एडिशनची सूचीतील किंमत दोन कोअरला ३,९४५ डॉलर, आणि किमान चार कोअर घ्यावे लागतात. म्हणजे सुरुवातच ७,८९० डॉलरला.

ओरॅकलची मोफत आवृत्ती १२ जीबी माहिती, २ जीबी मेमरी आणि दोन सीपीयू थ्रेड यांवर थांबते. स्टँडर्ड एडिशन टू सूचीप्रमाणे प्रोसेसर सॉकेटला १७,५०० डॉलर, एंटरप्राइज प्रोसेसरला ४७,५००, आणि दोन्हींवर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. हे पैसे ग्राहक भरतो, तुम्ही नाही. तरी तुमचा हात त्यात अडकू शकतो, तो असा: एंटरप्राइजमध्ये पार्टिशनिंग आणि डायग्नोस्टिक्स पॅक यांचे पैसे वेगळे लागतात, पण ती बटणे चालूच असतात. तुमच्या प्रोग्रामरने वेग तपासायला सहज डायग्नोस्टिक्स पॅकमधला एक एडब्ल्यूआर अहवाल काढला किंवा एखादे मोठे टेबल पार्टिशन केले, तर ओरॅकल त्या वापराची नोंद ठेवते. पुढे परवान्यांची तपासणी झाली की बिल ग्राहकाला येते आणि ग्राहक तुमच्याकडे बोट दाखवतो. म्हणून तुमच्या माणसांना लेखी ताकीद द्या: ग्राहकाने विकत न घेतलेले वैशिष्ट्य वापरायचे नाही.

मराठी नावे आधी तपासा

इथे घाई करू नका. बहुतेक मार्गदर्शिका या जागी इंग्रजी नावे घेतात आणि सगळे ठीक दिसते. तुमच्या ग्राहकाचे सभासद मराठी आहेत.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाला ते दहा चिन्हे दिसते, कारण हलन्त, काना, मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. आता नावाच्या रकान्याची लांबी २५ ठेवा. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल चिन्हे मोजतात, नाव आरामात बसते. ओरॅकल मूळ सेटिंगमध्ये बाइट मोजते: ३० बाइट २५मध्ये बसत नाहीत आणि ‘ओआरए-१२८९९’ ही चूक येते. एसक्यूलाइट लांबी पाहतच नाही, त्यामुळे त्यावर केलेली चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही. उपाय सोपा आहे: ओरॅकलमध्ये रकाना बनवतानाच लांबीपुढे ‘चार’ (CHAR) हा शब्द लिहा, म्हणजे ते चिन्हे मोजेल. मात्र नेहमीची ४,००० बाइटची कमाल मर्यादा तशीच राहते. पत्ता किंवा शेरा यांसाठी देवनागरीत साधारण १,३३३ चिन्हांचीच जागा धरा.

ओरॅकलचा कॅरेक्टर सेट जुना, पाश्चात्त्य लिपींचा असेल तर साध्या रकान्यात मराठी बसणारच नाही. चालू डेटाबेसचा सेट बदलणे हे मोठे स्वतंत्र काम आहे. म्हणूनच तो प्रश्न कागदावर आधी विचारायचा.

एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा वेगळी. साध्या व्हारचार रकान्यात, किंवा क्वेरीतल्या अवतरणापुढे ‘एन’ न लावता मराठी टाकले, तर चूक दाखवली जात नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि ती परत मराठीत येत नाहीत. एका संस्थेची सभासद यादी आम्ही अशीच चढवली होती. संध्याकाळी सगळ्या बेरजा जुळल्या, सकाळी पावती छापली तर नावाच्या ओळीत नुसती प्रश्नचिन्हे. जुनी फाइल हाताशी होती म्हणून निभावले. तेव्हापासून यादी चढवली की आधी एक पावती छापायची, मग बेरीज पाहायची, हा आमचा नियम आहे. मजकुराचे सगळे रकाने एन-व्हारचार ठेवा. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफएट’ नावाचा जुना सेट तीनच बाइटचा आहे. मराठी त्यात बसते, पण ग्राहकाच्या अभिप्रायातली इमोजी बसत नाही. ‘यूटीएफएटएमबीफोर’ घ्या.

मधले नाव रिकामे सोडणारे सभासद असतात. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल समजते, बाकीचे समजत नाहीत. रकान्यावर ‘नॉट नल’ असेल तर मायएसक्यूएलवर जमा होणारा फॉर्म ओरॅकलवर परत येतो. आणि गोव्यातला एखादा ग्राहक असेल तर ‘डि’सोझा’ हे आडनावही तपासा. आडनावातल्या त्या एका चिन्हावर क्वेरी फुटली, तर तुमच्या कोडमध्ये मजकूर थेट जोडला जातो आहे आणि ते कोणत्याही डेटाबेसवर धोक्याचे आहे.

बाकीचे फरक भरभर. रोमन लिपीतल्या नावांच्या शोधात एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल सहसा लहान-मोठे अक्षर सारखे धरतात, पोस्टग्रेसक्यूएल आणि ओरॅकल धरत नाहीत. नल मूल्ये चढत्या क्रमात कुठे येतात, तेही वेगळे: एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल आधी दाखवतात, ओरॅकल आणि पोस्टग्रेसक्यूएल शेवटी. पहिल्या दहा ओळी मागायला कुठे लिमिट, कुठे टॉप. युनिक रकान्यात एसक्यूएल सर्व्हर एकच नल घेतो, म्हणजे आधार क्रमांक न दिलेला दुसरा सभासद नोंदवताच अडतो. आणि हे विशेष जपा: टेबलाची रचना बदलताना मध्येच चूक झाली तर पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर तो बदल व्यवहारासकट मागे घेऊ शकतात. ओरॅकल आणि मायएसक्यूएलवर रचनेचा झालेला बदल तसाच राहतो. तिथे प्रत्येक पायरी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि आधी बॅकअप घ्या.

साधने मदत करतात, सुटका करत नाहीत. हायबरनेट, एसक्यूअल्केमी, एंटिटी फ्रेमवर्क ही नेहमीच्या क्वेरी त्या-त्या बोलीत लिहून देतात. जँगो पाच डेटाबेस स्वतः सांभाळते, पण त्यांत एसक्यूएल सर्व्हर नाही. त्यासाठी वेगळे पॅकेज घ्यावे लागते. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये रचनाबदलाच्या फाइली प्रत्येक डेटाबेसला वेगळ्या ठेवाव्या लागतात. जूक (jOOQ) हे साधन मोफत डेटाबेसवर मोफत आहे, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. हे कळेपर्यंत निम्मा कोड लिहून झालेला असतो, म्हणून आधीच पाहा. अहवालांच्या मोठ्या क्वेरी मात्र हातानेच लिहाव्या लागतील. त्या प्रत्येक डेटाबेसच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कोडभर ‘ओरॅकल असेल तर’ अशा अटी पेरू नका. त्या पुढच्या माणसाला सापडत नाहीत.

चाचणी, क्लाउड आणि मुदत

आता न दिसणारा खर्च. तीन डेटाबेस, प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या, म्हणजे सहा जोड्या. तुमची एक चाचणी पंधरा मिनिटांची असेल तर प्रत्येक बदलाला नव्वद मिनिटे, आणि दिवसाला दहा बदल झाले तर यंत्राचे पंधरा तास. जवळचा मार्ग असा: दर बदलाला फक्त मुख्य डेटाबेसवर चाचणी, बाकीच्या सगळ्यांवर रात्री एकदा. टेस्टकंटेनर्स हे साधन वापरलेत तर प्रत्येक डेटाबेस चाचणीपुरता उभा राहतो आणि ती संपली की जातो. चाचणी एसक्यूलाइटवर आणि विक्री ओरॅकलवर, हा शॉर्टकट कधीही घेऊ नका.

ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर चाचणीचा डेटाबेस ठेवलात तर एक नियम लक्षात असू द्या: बंद केलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप सुरू होतो आणि तासाचे भाडे पुन्हा लागते. बंद असतानाही साठवणुकीचे पैसे लागतातच. एसक्यूएल सर्व्हरच्या भाड्यात परवान्याचा हिस्सा धरलेला असतो, म्हणून तेवढ्याच ताकदीच्या पोस्टग्रेसक्यूएलपेक्षा तो महाग पडतो. वर १८ टक्के जीएसटी. अंदाजपत्रकात डॉलरचा आकडा तसाच ठेवून पुढे जाऊ नका. रुपयांत आणि करासह लिहा.

किती वेळ? शंभर-दीडशे टेबलांच्या सॉफ्टवेअरला पहिला जादा डेटाबेस जोडायला मी सहा ते दहा आठवडे धरतो, हाताने लिहिलेले अहवाल जास्त असतील तर त्याहून अधिक. तिसरा डेटाबेस लवकर होतो, कारण वेगळी करण्याची कामे तोवर झालेली असतात. बिल दोन भागांत लावा: एकदाचे जोडणी शुल्क, आणि त्या डेटाबेससाठी वेगळी वार्षिक देखभाल. दुसरा भाग सोडून दिलात तर तिसऱ्या वर्षी तुम्ही पदरचे पैसे घालून ओरॅकल सांभाळत असाल. आवृत्त्यांचे आयुष्यही बघा. पोस्टग्रेसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, आणि मायएसक्यूएल ५.७ची मुदत ऑक्टोबर २०२३मध्येच संपली. अजून कोणी त्याच आवृत्तीवर मागत असेल तर नकार द्या.

माघार घेण्यात कमीपणा नाही. गिटलॅबसारख्या मोठ्या उत्पादनाने जुलै २०१९मध्ये १२.१ या आवृत्तीपासून मायएसक्यूएलचा आधार काढला आणि फक्त पोस्टग्रेसक्यूएल ठेवले. दोन्हींना सारखे सांभाळताना त्यांना हवी ती वैशिष्ट्ये देता येत नव्हती. तुम्हीही आधार बंद करणार असाल तर ग्राहकाला किमान एक वर्ष आधी लेखी कळवा आणि माहिती हलवून देण्याचे शुल्क त्याच पत्रात नमूद करा.

दहा-पंधरा माणसांच्या संस्थेने दोनपेक्षा जास्त डेटाबेस घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे: मुख्य म्हणून पोस्टग्रेसक्यूएल, आणि ज्याच्यासाठी ग्राहक दरवर्षी पैसे देतो असा एक. तिसऱ्याची मागणी आली तर होकार देण्यापूर्वी त्यांच्या चाचणी सर्व्हरवर ‘ज्ञानेश्वर’, रिकामे मधले नाव आणि ‘डि’सोझा’ या तीन नोंदी टाकून पावती छापून पाहा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही बिलात लावा.