वेगळी ठेवलेली कपबशी



जुलूम म्हटलं की डोळ्यांपुढे काठी येते. पण जुलूम तीन वाटांनी येतो: हाताने, पैशाने आणि चालीरीतीने. मारहाण दिसते. अडवलेली मजुरी मजुराला कळते. चालीरीतीचा जुलूम मात्र करणाऱ्याला दिसतच नाही. ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून तो मोकळा होतो.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. ते पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह जावे लागले. त्या लोकांना मार पडला. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले!

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. पण बालाघाटकर मंडळी, आपल्या घरात बघा. कामवाल्या बाईची कपबशी खिडकीत वेगळी आहे का? सून सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवते का? मग नुसतं नामस्मरण करून काय उपयोग?

या आठवड्याची साधना: कपबशी एकच ठेवा. जेवायला सगळे सोबत बसा. घरात विचारा, “तुला इथे कशाचा त्रास होतो?” आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका.

जय गुरुदेव.