जुना सी प्रोग्राम एआरएमवर का अडकतो?

प्रश्न : आमचा जुना सी प्रोग्राम इंटेलच्या लिनक्स सर्व्हरवर नीट चालतो. एआरएमच्या लिनक्सवर कंपाइल होतो, पण फाइल वाचताना थांबतच नाही. कंपायलरचा दोष असेल का?

उत्तर : कंपायलरला दोष देऊ नका. लक्षणांवरून संशय 'चार' या प्रकारावर जातो. त्यात ऋण संख्या मावाव्यात की नाही, हे १९८९ च्या सी मानकाने कंपायलरवर सोपवले. इंटेलच्या लिनक्सवर त्याची व्याप्ती उणे १२८ ते १२७ असते, एआरएमच्या लिनक्सवर ० ते २५५. फाइल संपली की 'गेटचार' ईओएफ परत करते. ते सहसा उणे १ असते. हे मूल्य 'चार'मध्ये साठवले की एआरएमवर त्याचे २५५ होते, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप फिरतच राहतो.

जीसीसीला 'चार' चिन्हयुक्त धरायला सांगणारा पर्याय आहे, मग चालत्या कोडला हात कशाला लावायचा, असे कोणी म्हणेल. लूप त्याने थांबेल, हे खरे. पण हा कोड इंटेलवरही बरोबर नव्हता! तिथे २५५ मूल्याचा बाइट आला की तोच उणे १ ठरतो आणि वाचन अर्ध्यावर तुटते. यूटीएफ-८ मजकुरात असा बाइट येतच नाही, म्हणून चूक दडून राहते. चित्रांच्या फाइलींत मात्र तो सर्रास सापडतो. तेव्हा परतीचे मूल्य 'इंट'मध्येच घ्या, आणि जिथे 'चार'ची तुलना ऋण संख्येशी होते किंवा तो अ‍ॅरेचा निर्देशांक बनतो, त्या ओळीही तपासा.