निकाल लागेपर्यंतचे दिवस

श्रीगोंदा

चि. सायलीस,


पुण्याची खोली सोडून तू घरी आलीस. मुख्य परीक्षेचा निकाल अजून यायचाय आणि खासगी नोकरीसाठी विचारणाऱ्या कंपनीला काय कळवावं हे ठरत नाहीये. मन कशातच लागत नाही, म्हणजे माझा रस्ताच चुकला की काय, असं तू लिहिलंस. रस्ता बरोबर होता की चूक, हे मी सांगू शकणार नाही. पण त्याचा निवाडा या घालमेलीवरून करू नकोस, एवढं ठामपणे सांगतो. काय होणार हे कळत नसलं की घालमेल होतेच. रस्ता बरोबर असला तरी होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दगड दिसायचे आणि त्याखाली साप आहे का, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. साप निघण्याची शक्यता सारखी बदलत ठेवलेली. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला, तेव्हा झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना सर्वांत जास्त. शिवाय ज्यांचा ताण या अनिश्चिततेबरोबर चढत-उतरत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर आले. झटक्यांच्या प्रयोगावरून अख्ख्या आयुष्याचे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य. पण तुझ्या पोटातला गोळा हा दुबळेपणा नाही, हे समजायला तो प्रयोग पुरेसा आहे. आणि तुझी अनिश्चितता काही तुझ्या अभ्यासातूनच आलेली नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची 14 मार्च 2021 ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. 25 ऑगस्ट 2024 ची बँकेच्या परीक्षेशी तारीख जुळल्यामुळे लांबली आणि 1 डिसेंबरला झाली. यातलं काहीच कुणा विद्यार्थ्याच्या हातात नव्हतं.

आपल्या गावाशी जोडलेलं शिंदे घराणं बघ. जानेवारी 1761 मध्ये पानिपतावर जनकोजी गेले, महादजी पायाला कायमची जखम घेऊन परतले. सरदारकी त्यांना लगेच मिळाली नाही. आधी केदारजींकडे गेली, मग मानाजींकडे, आणि 1768 साली महादजींकडे आली. पुढे महादजी दिल्लीपर्यंत पोचले हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ती सात वर्षं आपण तयारीची म्हणून वाचतो. तू म्हणशील, जिंकलेल्याचंच उदाहरण देताय. खरं आहे, म्हणूनच केदारजी आणि मानाजी या दोघांकडेही बघायला सांगतो. टांगणीला तिघेही होते आणि शेवट तिघांचा वेगळा झाला. त्या दिवसांतल्या हुरहुरीवरून कुणालाच आपला शेवट वाचता आला नसता. मग तुला तुझा कसा वाचता येईल?

घालमेल काही सांगत नाही म्हणून ती सोसत बसायचं, असं मात्र मी म्हणत नाही. आणि ती थांबावी एवढ्यासाठी मिळेल त्या नोकरीला हो म्हणायचं, असंही नाही. त्याने मनाला आठ दिवस बरं वाटेल आणि पुढे वर्षानुवर्षं निस्तरावं लागेल. त्यापेक्षा आपल्या शेतकऱ्याकडे बघ. कुकडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येडगावहून निघून जुन्नर, पारनेर करत आपल्याकडे येतं. आवर्तन कधी सुटणार, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आपल्या बांधावर ठरत नाही. तरी शेतकरी कांद्याचं रोप टाकून ठेवतो. अमुक तारखेपर्यंत पाणी आलं तर लागण, नाही आलं तर त्याच रानात हरभरा, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. पाणी त्याच्या हातात नाही, तारीख आहे. तूही तशी तारीख धर. त्या दिवसापर्यंत निकाल आला तर मुलाखतीची तयारी. नाही आला तर नोकरी धरायची आणि अभ्यास तिच्या जोडीने करायचा.

दुसरी वाट आखून ठेवली की पहिलीवरचा जोर कमी होतो, असा आक्षेप तू घेशील, आणि तो पोकळ नाही. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन यांच्या 2016 च्या अभ्यासात पर्यायाचा विचार करून कामाला बसलेल्यांची कामगिरी खरोखर घसरली होती. पण रोज रात्री अंथरुणावर पर्याय घोळवत राहणं वेगळं आणि एकदा बसून, हिशेब करून, कागदावर लिहून तो कागद कपाटात ठेवणं वेगळं. तू आत्ता पहिलं करते आहेस. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याच्यापुढे मी वाद घालणार नाही. थांबण्याचा खर्च घर सोसतंय. म्हणून तारीख तुझ्या धीराकडे बघून ठरवू नकोस, घर किती महिने सोसेल हे आई-बाबांना विचारून ठरव. तोवर सकाळी दोन तास शिकवण्या घेतल्यास तरी त्यात कमीपणा नाही.

निकालाचं पान दिवसातून एकदाच बघ. यादी लागली की ती कुठे पळून जात नाही. तारीख घरात सगळ्यांना सांग, म्हणजे जेवताना रोज तोच विषय निघणार नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, तर ‘अमुक तारखेपर्यंत थांबलेय, पुढचं ठरलेलं आहे’ एवढं उत्तर पुरे. आणि त्या कंपनीला उद्याच फोन करून, उत्तर किती दिवसांत हवं, ते विचारून घे. कदाचित ते महिनाभर थांबायलाही तयार असतील. तू अजून विचारलेलंच नाहीस.

तुझा,
मामा